फॉर्मवर 'गरोदर नाही' असं लिहिलं म्हणून बोटीत बाळंतपण होणार नाही का? – क्रूझवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नौवहन महासंचालनालय, मुंबई
आणि मुंबई-गोव्याहून क्रूझ चालवणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे व्यवस्थापक,

सप्रेम नमस्कार.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स आहे, नोकरीतली बरीचशी वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये गेली, त्यामुळे बोटी-बंदरांतलं मला फार कळत नाही पण बाळंतपणातलं कळतं, आणि तुमच्या क्रूझ बोटींवर बाळंतपणाची जी तयारी असायला हवी आणि नसते त्याबद्दल हे पत्र आहे. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

तुमचा नियम मला माहितीये. जगातल्या बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचा तोच आहे, की सफर संपेपर्यंत जिला २४वा आठवडा लागणार असेल तिला बोटीत घ्यायचं नाही आणि त्याच्या आतली असेल तर डॉक्टरचं पत्र आणायचं. नियम चांगला आहे, माझा त्याला विरोध नाही, कारण इतक्या कमी दिवसांचं बाळ जन्माला आलं तर त्याला त्या क्षणापासून एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, लागतो आणि तो कुठल्याच बोटीवर नसतो. माझं म्हणणं असं आहे की हा नियम केला म्हणजे विषय संपला असं तुम्ही धरून चाललाय. तो संपत नाही, कारण हा सगळा नियम एका ऑनलाइन फॉर्मवर उभा आहे आणि तो फॉर्म ती बाई स्वतः भरतच नाही.

आपल्याकडे क्रूझचं बुकिंग कसं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. घरातला एक जण, मुलगा नाहीतर जावई नाहीतर ट्रॅव्हलवाला, दहा-बारा माणसांचं वेब चेक-इन एकाच मोबाईलवरून करतो. आधार कार्डांचे फोटो ग्रुपवर मागवतो आणि तब्येतीचे सगळे प्रश्न आले की खाली खाली सरकवत प्रत्येकापुढे 'नाही' दाबत जातो, ताप आहे का नाही, हार्टचा त्रास आहे का नाही, गरोदर आहे का नाही. प्रश्न इंग्रजीत. ज्या बाईबद्दल प्रश्न आहे ती तेव्हा स्वयंपाकघरात असते. सासरच्या माणसांसमोर तिसरा-चौथा महिना अजून सांगितलेला नसतो, कुणाची पाळीच अनियमित असते त्यामुळे तिला स्वतःलाच दिवस कळलेले नसतात. आणि कुणी असं समजू नये की बाईला कळत नाही असं होतच नाही. बर्लिनमध्ये याचा अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला, त्यात साधारण ४७५ बाळंतपणांमागे एक बाई अशी निघाली की २० आठवडे होईपर्यंत तिला गरोदरपण लक्षातच आलं नव्हतं, आणि अडीच हजारांत एक अशी की थेट कळा सुरू झाल्यावर कळलं. हे जर्मनीतलं, जिथे तपासणीची सोय घराजवळ आहे.

आता मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. कोणती बोट, कोणती कंपनी, कोणतं वर्ष ते लिहीत नाही, मुंबई-गोवा मार्गावर मधल्या काळात बऱ्याच बोटी आल्या आणि गेल्या, त्यातल्या एकीवर मी भाच्यांनी हौसेनं नेलं म्हणून गेले होते. पहिल्याच रात्री जेवणं चालू असताना स्पीकरवर अनाउन्समेंट झाली, बोटीत कुणी डॉक्टर किंवा नर्स असतील तर मेडिकल सेंटरला यावं. मी गेले. मला वाटलं कुणाला बोट लागली असेल नाहीतर छातीत दुखत असेल. आत बेडवर एक पोरगी, बावीस-तेवीसची असेल, पंजाबी ड्रेसवर मोठी ओढणी, घामाने भिजलेली, आणि बोटीवरचा डॉक्टर तिच्या पोटदुखीसाठी सलाईन लावायच्या तयारीत. मी नुसता पोटावर हात ठेवला आणि कळलं, आठवा महिना आणि कळा चालू. विचारलं तर काही बोलेना. मग सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, म्हटलं पोरी मला खरं सांग, तेव्हा रडायला लागली आणि म्हणाली, मावशी, मालकीणबाईंना सांगू नका, मला कामावरून काढतील.

ती एका कुटुंबाबरोबर त्यांची दोन लहान मुलं सांभाळायला आलेली होती. लग्न झालेलं, नवरा गावाकडे गवंड्याच्या हाताखाली. महिन्याचा पगार तुटू नये म्हणून तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं, ढगळे कपडे आणि ओढणी. तुमचा फॉर्म तिच्या मालकांनी भरला होता, त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही, त्यांना माहीतच नव्हतं. त्या पोरीला तर असा काही फॉर्म असतो हेही माहीत नव्हतं. तिच्याकडे आशाताईने दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड होतं, सगळ्या तपासण्या त्यावर व्यवस्थित भरलेल्या, ते कार्ड तिने बॅगेत कपड्यांच्या तळाशी लपवून आणलं होतं. म्हणजे सरकारच्या एका खात्याला ती किती आठवड्यांची गरोदर आहे ते पक्कं ठाऊक होतं आणि तीच बाई तुमच्या गँगवेवरून चढताना कुणीही तिला एक शब्द विचारला नाही.

तो डॉक्टर चांगला मुलगा होता हे मला मुद्दाम सांगायचंय. तरुण, एमबीबीएस, हार्टचं आणि अपघाताचं सगळं येत होतं, ईसीजी मशीन होतं, शॉक द्यायचं मशीन होतं, ऑक्सिजन होता. पण बाळंतपण त्याने इंटर्नशिपनंतर केलेलं नव्हतं आणि कपाटात बाळंतपणाचं काहीच नव्हतं. मी एकेक विचारत गेले. नाळेला लावायचा कॉर्ड क्लॅम्प? नाही. रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन? नाही. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या? नाही. बाळाला श्वास द्यायची पिशवी, अंबू बॅग? होती ती मोठ्या माणसाची, तिचा मास्क नवजात बाळाच्या अख्ख्या तोंडावर बसून शिवाय हनुवटीच्याही खाली येतो, त्यातून हवा बाळाच्या फुप्फुसात जाणार कशी. टाके घालायचा सेट होता, त्यात दोन आर्टरी चिमटे, ब्लेड आणि सिल्कचा धागा मिळाला, नाळेचं काम त्याच्यावर भागवलं. हाउसकीपिंगच्या एका मुलीने धुतलेल्या चादरी आणल्या. लॉन्ड्रीत सावंतवाडीकडचा एक मुलगा होता, त्याला सांगितलं टॉवेल ड्रायरमध्ये गरम करत राहा आणि दर थोड्या वेळाने आणून दे, आणि तो बिचारा पहाटेपर्यंत त्या जिन्यावरून वर-खाली करत होता.

बाळ आलं तेव्हा निळसर होतं, रडलं नाही. कोरडं केलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या, मग एकदाचं कुरकुरलं आणि मग रडलं. लेबर रूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, शंभरातल्या साधारण दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला अशी थोडीफार मदत लागते आणि त्यातल्या काहींना बॅगेने श्वास द्यावाच लागतो, आणि तो पहिल्या मिनिटाच्या आत द्यायचा असतो. हे बाळ नुसत्या चोळण्याने रडलं. पण नसतं रडलं तर त्या मास्कने मी काय करणार होते याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही आणि हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

मग वार पडली आणि अंगावरून जास्त जायला लागलं. आपल्या देशात बाळंतीण दगावते त्याचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्रावच आहे. उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे तिथली नर्ससुद्धा, बाळ बाहेर आल्या आल्या मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मांडीत देते, ते नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या तोंडाने. मला तिथे दोन्हीतलं काहीच नव्हतं. हाताने गर्भपिशवी चोळत बसले, बाळाला लगेच छातीशी लावलं म्हणजे पिशवी आवळते, सलाईन होतं ते चालू केलं, लघवीची पिशवी रिकामी करून घेतली, आणि हळूहळू कमी झालं. तिचं हिमोग्लोबिन अकरा होतं हे कार्डावर वाचलं होतं म्हणून थोडा धीर होता, हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला तेवढं रक्त जाणं सहन झालं नसतं. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून ते गरम टॉवेल, डोक्याला कुणाच्या तरी तान्ह्याची लोकरी टोपी. याला कांगारू मदर केअर म्हणतात, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला इनक्युबेटर कमी पडले म्हणून डॉक्टरांनी सुरू केलं आणि आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की कमी दिवसांच्या बाळाला जन्मल्याबरोबर असं ठेवा. त्याला मशीन लागत नाही, माहिती असलेलं एक माणूस लागतं. सकाळी हॉस्पिटलात वजन केलं ते एक किलो नऊशे भरलं.

आता कुणी म्हणेल की बाईने लपवलं, चूक तिची. बरं, मग जिने काहीच लपवलं नाही तिचं काय? २०१५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाहून निघालेल्या रॉयल कॅरिबियनच्या इंडिपेंडन्स ऑफ द सीज या बोटीवर एक बाई बाळंत झाली, ती २४ आठवड्यांच्या आतली, डॉक्टरला विचारून आलेली, म्हणजे नियमात पूर्ण बसणारी. भर समुद्रात कळा सुरू झाल्या, पुढचं बंदर पोर्तो रिकोचं आणि तेही कित्येक तासांवर. बाळ जेमतेम पावणेसातशे ग्रॅमचं. बोटीवरच्या डॉक्टर-नर्सनी सलाईनच्या पिशव्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून, टॉवेलात गुंडाळून त्या बाळाला ऊब दिली, कॅप्टनने बोट जोरात हाणली आणि बाळ जिवंत बंदराला लागलं आणि जगलं. त्या लोकांना माझा नमस्कार. पण एवढी मोठी बोट, एवढी मोठी कंपनी, आणि बाळाला ऊब द्यायला मायक्रोवेव्ह वापरावा लागला, याचा अर्थ तुम्ही काय घेता? मी असा घेते की नियम पाळूनही हे होतं. जगात २०२० मध्ये १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, दहातलं एक, आणि त्यातली ३० लाखांवर एकट्या भारतात. कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांच्या आयांपैकी कितीतरी जणींना आदल्या दिवशी काही कल्पना नसणार.

म्हणून माझी पहिली मागणी बोटीवरच्या सामानाची आहे आणि ती इतकी लहान आहे की मला मागतानासुद्धा वाईट वाटतं. दोन कॉर्ड क्लॅम्प, निर्जंतुक ब्लेड, ग्लोव्हज, नवजात बाळाची अंबू बॅग आणि ० व १ नंबरचे मास्क, बाळाच्या तोंडातली घाण ओढायचा बल्ब, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ऑक्सिटोसिनच्या अँप्युल, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, बाळासाठी व्हिटॅमिन के, दोन लहान टोप्या, स्वच्छ फडकी. ऑक्सिटोसिन तेवढं २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, मेडिकल सेंटरला फ्रिज असतोच. बाकी सगळं शाळेच्या डब्याच्या पिशवीत मावतं आणि खर्च तुमच्या एका बाल्कनीवाल्या केबिनच्या एका रात्रीच्या भाड्याच्या आत बसेल. यातलं बहुतेक सगळं आमच्याकडे डोंगरातल्या उपकेंद्रातसुद्धा असतं.

पण पिशवी ठेवली आणि वापरणारं कुणी नाही असं होऊ नये. समुद्रावरच्या कामगारांसाठीचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, भारताने २०१५ मध्ये मान्य केलेला, त्यात असं आहे की १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आणि सहसा तीन दिवसांपेक्षा जास्त आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या बोटीवर डॉक्टर हवाच. वाचून मला प्रश्न पडला की मुंबई-गोवा-मुंबई ही सफर आंतरराष्ट्रीय नाही आणि तीन दिवसांपेक्षा जास्तही नाही, मग तिला काय लावायचं? बहुतेक कंपन्या डॉक्टर ठेवतात हे मी पाहिलंय, पण ठेवतात आणि ठेवावाच लागतो यात फरक आहे. महासंचालक साहेब, हे तुमच्या हातात आहे, एक परिपत्रक काढून सांगा की आपल्या किनाऱ्यावर रात्रीची सफर करणाऱ्या प्रत्येक क्रूझवर डॉक्टर आणि नर्स हवेतच आणि त्यातल्या एकाने तरी बाळंतपण आणि नवजात बाळाला श्वास देण्याचं ट्रेनिंग घेतलेलं असावं, आणि ते दर वर्षी नव्याने व्हावं. सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये हे ट्रेनिंग नेहमी चालू असतं, डमी बाळावर, एक-दोन दिवसांत होतं.

दुसरी गोष्ट बंदराची. त्या रात्री आम्ही रत्नागिरीच्या आसपास होतो, किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते. कॅप्टनने कोस्ट गार्डला कळवलं, त्यांचं बचाव केंद्र मुंबईला आहे आणि १५५४ हा नंबर चोवीस तास असतो, बोलणं झालं, सॅटेलाइट फोनवर किनाऱ्यावरच्या एका डॉक्टरशीही बोलणं झालं. पण पोरीला उतरवायचं कुठे यावर नुसती चर्चा. हेलिकॉप्टर रात्री नको, पाळण्यात आत्ताची बाळंतीण आणि तान्हं वर खेचणं म्हणजे आणखी धोका, ते मला पटलं. लहान बोटीत उतरवायचं तर लाटा. मग कुणीतरी जयगडचं नाव काढलं, तिथे खोल पाण्याचं बंदर आहे, मोठी जहाजं लागतात, पण ते मालाचं बंदर, रात्री कुणाला फोन करायचा, परवानगी कोण देणार, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या बोलण्यात तास-दीड तास गेला, तोवर बोट पुढे निघून गेली होती. शेवटी सकाळी गोव्यात मुरगावलाच लागलो, तिथे ॲम्ब्युलन्स उभी होती. या वेळी निभावलं. पण ती रक्ताने जात असती तर तो दीड तास म्हणजे तिचा जीव होता.

यात शोध काय लावायचाय? मुंबई ते मुरगाव या किनाऱ्यावर कुठली बंदरं कुठल्या आकाराची बोट घेऊ शकतात ते तुमच्याच खात्याला आणि मेरीटाईम बोर्डाला माहिती आहे, कुठल्या जिल्हा रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांचा कक्ष आहे ते आरोग्य खात्याला माहिती आहे. दोन्ही एका कागदावर आणा, फोन नंबरासकट, बोट निघायच्या आधी कॅप्टनच्या टेबलावर ठेवा, आणि मालाच्या बंदरांशी आधीच लेखी ठरवून ठेवा की जिवावरचं कारण असेल तर रात्रीसुद्धा जागा मिळेल. फक्त बाळंतिणीसाठी नाही, हार्ट अटॅक आलेल्या म्हाताऱ्यालाही तोच कागद उपयोगी पडेल.

आमच्या कोकणात हे काही नवीन नाही हो. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची तेव्हा सातवा लागला की पहिलटकरणी भाऊच्या धक्क्यावरून त्याच बोटीने माहेरी यायच्या. बऱ्याच ठिकाणी धक्का नव्हता, बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावात उतरवून किनाऱ्याला न्यायचे, पोटुशी बाई तशीच दोघांच्या हातांवरून खाली पडावात. माझी आजी सांगायची की डेकवर पोटुशी बाई दिसली की आधी डेकवरच्याच बायका एकमेकींना विचारून घ्यायच्या, सुईणपण येणारी कोण आहे का. ते दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही, त्यात किती जणी गेल्या असतील कुणी मोजलं नाही. पण त्या गर्दीला निदान हे ठाऊक होतं की बोटीत बाई बाळंत होऊ शकते.

आता कागदपत्रांचं. हे लोकांना किरकोळ वाटतं पण त्या पोरीच्या नवऱ्याने यापायी जे हेलपाटे घातले ते मला माहिती आहेत. बोटीवरून उतरताना त्यांना एक इंग्रजी पत्र मिळालं, त्यात जन्माच्या जागी गावाचं नाव नाही, १७ अंश उत्तर आणि ७२ अंश अमुक पूर्व असे आकडे. हॉस्पिटल म्हणालं बाळ आमच्याकडे जन्मलेलं नाही, आम्ही कशी नोंद करू. नगरपालिकेने सांगितलं समुद्र आमच्या हद्दीत येत नाही. गावच्या ग्रामसेवकाने तर ते पत्र उलटसुलट करून परत दिलं. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा माणूस, एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली.

आणि नियम काय म्हणतो? जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत अगदी स्पष्ट लिहिलंय की चालत्या वाहनात जन्म झाला तर वाहनाचा जो प्रमुख आहे त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यायची, आणि वाहन म्हणजे काय तेही सांगितलंय, विमान, बोट, जहाज, रेल्वेचा डबा, मोटार, टांगा, रिक्षासुद्धा. म्हणजे खबर देण्याचं काम कॅप्टनचं होतं, मुरगावला. त्या बापाचं नव्हतंच. हे बोटीवर कुणालाही माहीत नव्हतं आणि किनाऱ्यावरही नव्हतं. तेव्हा जे झालं ते झालं, शेवटी एका भल्या क्लार्कने तो नियम शोधून काढला आणि दाखला मिळाला. पण आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाला शाळा, आधार, पासपोर्ट, लायसन्स सगळ्यासाठी जन्माचा दाखला हाच पुरावा आहे, आता अशी नोंद अडकली तर त्या मुलाचं पुढचं सगळंच अडकेल.

यात आणखी एक गाठ आहे आणि ती मला सुटलेली नाही, तुम्ही सोडवा. बऱ्याच क्रूझ बोटींच्या मागच्या बाजूला परदेशी बंदराचं नाव रंगवलेलं असतं, नासाऊ, पनामा, व्हॅलेटा असं, कारण बोटीची नोंदणी तिकडची. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात लिहिलंय की नोंदणी झालेल्या जहाजावर जन्मलेलं माणूस, ते जहाज जिथे नोंदलंय तिथे जन्मलं असं धरायचं. मग रत्नागिरीसमोर, किनाऱ्याचे दिवे दिसत असताना, भारतीय आईबापांना झालेलं बाळ कायद्याने बहामात नाहीतर पनामात जन्मलं की काय? भारताबाहेर जन्मलेल्या भारतीयांच्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. वकिलात म्हणजे काय हे त्या पोरीला कोण सांगणार? माझी विनंती एवढीच की गृह खात्याला विचारून मराठी-हिंदी-इंग्रजीत एक पानी उत्तर तयार करा, आपल्या समुद्रात परदेशी झेंड्याच्या बोटीवर बाळ झालं तर दाखला कुठे, नागरिकत्वाचं काय, कुणी काय करायचं, आणि ते पान प्रत्येक बोटीवर ठेवा.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगताना मला आजही राग येतो. पहाटे ती जरा सावरली होती, बाळ छातीवर, चहासुद्धा अजून पोटात गेला नव्हता, तेव्हा ऑफिसातला एक मुलगा इंग्रजीत टाइप केलेला कागद घेऊन आला की यावर सही हवी. मी वाचला, त्यात होतं की गरोदरपणाची माहिती लपवली आणि जो खर्च होईल त्याला प्रवासी जबाबदार. मी सही करू दिली नाही. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला वरून सांगितलं होतं. तिच्या मालकीणबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनीही तो कागद हातात घेतला आणि म्हणाल्या फॉर्म आम्ही भरला होता, जे काही असेल ते आमच्यावर टाका. त्यांनी तिला कामावरूनही काढलं नाही, उलट तीन महिने पगार घरी पाठवला. सगळ्याच मालकीणबाई अशा नसतात म्हणून माझी मागणी अशी आहे की लपवल्याबद्दल दंड, खर्चवसुली, पोलिसांची भीती हे सगळं बाळंतिणीपासून लांब ठेवा. तुम्ही जितकी भीती घालाल तितक्या बाया जास्त लपवतील आणि तितक्याच त्या उशिरा मेडिकल सेंटरचं दार वाजवतील.

त्यापेक्षा चढतानाच विचारा, पण नीट विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये क्रूझ भारत मिशन सुरू झालं, २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचेत म्हणे. मुंबईत बॅलार्ड पिअरला नवीन क्रूझ टर्मिनल झालंय, वर्षाला दहा लाख प्रवासी जातील एवढं, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत त्यात. त्या बहात्तरांच्या शेजारी एक पडदा लावा आणि त्याच्यामागे एक सिस्टर बसवा. प्रत्येक बाईला एकटीला, तिच्या भाषेत, एवढंच विचारायचं की दिवस गेलेत का, शेवटची पाळी कधी आली. नवरा नको, सासू नको, मालकीण नको, ट्रॅव्हलवाला तर नकोच. आणि ज्या बाईला थांबवाल तिचे पूर्ण पैसे परत द्या, तिच्याबरोबर थांबणाऱ्या एका माणसाचेही द्या, आणि कारण बाकीच्यांना सांगायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. पैसे बुडणार असतील तर कोणती सून अख्ख्या घराची ट्रिप मोडून खरं बोलेल?

सिस्टरला आणखी एक गोष्ट करता येईल जी फॉर्मला कधीच येणार नाही. शंका आली तर पोटावर हात ठेवून अंदाज घेता येतो. गर्भपिशवी बेंबीपर्यंत आली की साधारण वीस आठवडे, त्याच्या वर गेली की पुढचे, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. त्या पोरीला गँगवेवर एका अनुभवी नर्सने नुसतं नीट पाहिलं असतं तरी ती त्या रात्री समुद्रात नसती.

बोटींवर काम करणाऱ्या मुलींबद्दलही हेच. आपल्या कोकण-गोव्याची कितीतरी मुलं-मुली क्रूझवर आहेत, करार सहा-आठ महिन्यांचे, मध्ये दिवस राहिले तर नोकरी जाईल या भीतीने त्या पण सांगत नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीने लेखी द्यावं की लवकर सांगितलं तर घरी पोचवू आणि बाळंतपणानंतर परत घेऊ.

हे पत्र मी महासंचालनालयाच्या कार्यालयाला स्पीड पोस्टानेही पाठवलंय, कार्डाची आणि त्या अक्षांश-रेखांशवाल्या पत्राची झेरॉक्स नावं झाकून सोबत जोडलीये. उत्तर द्यावं ही विनंती. निदान औषधांच्या पिशवीचं आणि बंदरांच्या कागदाचं पुढच्या सीझनच्या आत करा, त्याला कायदा बदलायची गरज नाही. आणि ज्या कंपनीला आपल्या बोटीवरच्या डॉक्टर-नर्सना नवजात बाळाला श्वास द्यायचं शिकवायचं असेल त्यांनी बोलवावं, मी आणि माझ्याबरोबर रिटायर झालेल्या दोन-तीन सिस्टर येऊ, डमी बाळ आमच्याकडे आहे, मानधन नको.

आपली,
एक रिटायर्ड स्टाफ नर्स, रत्नागिरी जिल्हा